आधीचे कौशल्य

राज्याच्या गाडीतून आले मी,
डिकीत कोरे फॉर्म आणि कालचं सँडविच.
काम साधं: बासष्ट नावं, अकरा आठवडे,
दर तासामागे सरकारनं मोजलेले डॉलर,
आणि नावापुढे सही, आहे की नाही.

जुन्या गिरणीच्या रंगखात्यात भरतो हा वर्ग.
फरशीच्या भेगांत अजून निळं आहे काही,
घासून घासून कंटाळले, मग राहू दिलं म्हणे.
नवी कंपनी हमरस्त्यापलीकडे,
पाइनची झाडं पाडून कॅरोलायनाच्या लाल मातीत
अजून पायाच भरते आहे.
तोवर तिच्या मापाचे हात शिवून ठेवायचे.
शिलाई राज्याची.

मधोमध मोटारीचा दरवाजा. एकच.
सकाळी सगळे मिळून तो जोडतात,
दुपारी ड्युइट मास्तर म्हणतात, खोला.
त्याला काच आहे, कुलूप आहे, गाडी नाही.
पाना पुरेसा फिरला की टक् करतो.
"टक् झालं की थांबा," मास्तर सांगतात,
"जास्त जोर म्हणजे जास्त चांगलं नव्हे."
मागच्या रांगेत एक पोरगा खुदकन हसतो.
नुकतंच लग्न झालंय त्याचं, शेजारीण मला सांगते,
जणू हेही मी टिपून घ्यायला हवं.

ओपलीन टॅडलॉक, वय छप्पन्न.
तिच्या ओळीत "आधीचे कौशल्य" या रकान्यात
कुणीतरी लिहिलंय: नाही.
विचारायचं असतं म्हणून विचारलं,
आधी कुठे होतात?
"इथंच." तिनं हनुवटीनं छत दाखवलं.
"वरच्या मजल्यावर. साचाखात्यात. सव्वीस वर्षं."

मग बाहीचा एक सुटा धागा तिनं ओढला,
मधोमध तोडला, टोकावर टोक टाकलं,
आणि माझी पापणी लवायच्या आत गाठ.
मी नखानं चाचपून पाहिली. हाताला लागेना.
"लागली तर कापड परत यायचं," ती म्हणाली,
"आणि पगारातून जायचं."
एका पाळीत अशा किती?
"मोजायचा माणूस वेगळा होता."

नऊ मार्चला तिची सही नाही.
"होते की मी. पाना हातात होता, कागद पुढे गेला."
मास्तर म्हणाले, होती.
शेजारीण म्हणाली, होती, मला तिनं अर्धं संत्रं दिलं.
नियम म्हणतो, सही नाही म्हणजे नव्हती.
मी त्या दिवसाचे चार तास कापले.
तुमच्या खिशातून नाही, कॉलेजच्या बिलातून,
हे मी तिला दोनदा सांगितलं.
दुसऱ्यांदा कशाला, कोण जाणे.

आणि नोकरी?
हा प्रश्न माझ्या फॉर्मवर नाही.
"बासष्टांतले चाळीस घेणार. कोण, ते तिकडे ठरतं."
चिडून नाही बोलली, हसूनही नाही,
हातमोजा उलटा करून झटकत होती.
"टक् कधी येणार ते आता मला आधी कळतं,
बोटांना. कंपनी नाही आली,
तर हे परत द्यावं लागत नाही ना?"

मी पानं चाळली. खरंच चाळली.
परत घेण्याविषयीची कलमं बरीच आहेत,
यंत्रं, टेबलं, तो दरवाजासुद्धा.
बोटांविषयी काही नाही.
नाही लागत, मी म्हटलं,
आणि दिवसभरात पहिल्यांदा
कुणाला तरी खात्रीनं काही सांगितलं.

संध्याकाळी मोटेलात हिशेब जुळवला.
भरलेला रकाना बदलणं माझ्या हातात नाही.
खाली शेऱ्यासाठी मात्र एक ओळ असते,
तिथं बहुतेक वेळा मी "शेरा नाही" लिहिते.
ओपलीनच्या पानावर लिहिलं: गाठ मारता येते.
खोडणार होते. पेन उचललंही होतं.

मुख्य कचेरीतून विचारणा येईल,
हे नेमकं कशात धरायचं म्हणून.
अजून आलेली नाही.