पोरांनी सांगितलेलं बेट

शाळेच्या तिसऱ्या खिडकीतून दिसायचं ते.
भूगोलाच्या तासाला उईके सर
"चहूबाजूंनी पाणी" म्हणाले की
फळ्याकडे कोणी बघायचं नाही.

पोरं जायची. डोंग्यातून, शाळा बुडवून.
सोमवारी येऊन सांगायची :
तिथं अजगर आहे, बैलाएवढा,
विहीर आहे, तिला तळच नाही,
एका साहेबाची कबर आहे
आणि अमावस्येला तो चहा मागतो.
वर्गात आम्ही पाच पोरी.
पोरींनी तलावाच्या पाळीखाली उतरायचं नसे.
आम्ही ऐकायचो, डब्याचं झाकण लावायचं विसरून.

गेलो शेवटी, चौतीस वर्षांनी,
धान कापून झाल्यावर, पूस महिन्यात.
निरुपा नागपूरहून आली, गुडघ्याला पट्टा बांधून.
पुस्तकलेचं तुमसरला शिलाई मशीनचं दुकान,
ती बंद करून आली, कुलूप दोनदा ओढून.
देवांगनानं घरी सांगितलं, प्रशिक्षण आहे.
"कशाचं?" सून म्हणाली.
"आपत्ती व्यवस्थापन," म्हणाली ही, तोवर बस सुटली होती.
मी गोळ्या मोजून आणल्या. दोन दिवसांच्या सहा,
एक जास्तीची.

डोंगा अनसूयाचा.
आमच्यातलीच, पाचवी.
आठवीत हजेरीपटावर तिच्या नावावरून
लाल रेघ गेली, आणि आम्ही बाक सरकवून घेतला.
"मधात बसा वो बायांनो, हालू नका,"
ती म्हणाली, आणि बांबू टेकवला गाळात.
पाणी जराही वाजलं नाही.

बेटावर काय होतं?
पाटबंधाऱ्याची एक खोली, दार नसलेली.
सीताफळाची झुडपं. एक चिंच.
शेळ्यांच्या लेंड्या. म्हणजे शेळ्यासुद्धा येऊन गेल्या होत्या.

संध्याकाळी गोवऱ्यांच्या आरात रोडगे पुरले.
वांगी भाजली. निरुपानं लसूण सोलताना
नवऱ्याचं सांगितलं, सगळं नाही.
पुस्तकला हसली तर चिंचेवरचे बगळे उठले,
मग ती मुद्दाम पुन्हा हसली.
अंधार पडल्यावर मीच विचारलं,
"अजगर कुठं राहायचा गं?"

अनसूयानं राख बाजूला केली.
"कायचा अजगर.
पोरं त्या खडकालोक येत, बोरं खात, अन् वापस.
मी पाचवीपासून येत होती मायसंगं,
शिंगाडे काढाले. पहाटी शिंगाडे, मंग शाळा."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

तिनं रोडगा पालथा केला.
"तुमी मले कधी इचारलं?"

तेव्हा आठवली
तिच्या परकराची ओली कड,
दाराजवळची तिची जागा,
उशिरा आल्याच्या छड्या. हात पुढं करायची
तर बोटं सुरकुतलेली, पाण्यात राहून,
शिंगाड्याच्या काट्यांनी टोचलेली.
आणि कोणीतरी नाक दाबायचं.
कोणीतरी म्हणते मी.
चार जणी होतो बाकावर.

तूप वाढलं. रोडगा फोडला की वाफ येते,
तिच्याकडं बघत बसलो.
रात्री खोलीत चटयांवर आडवं झाल्यावर
देवांगना एवढंच म्हणाली, "थंडी आहे."
अनसूया बाहेर, डोंग्यात झोपली. सवय आहे म्हणाली.

सकाळी सारसाची जोडी ओरडली,
पलीकडच्या बांध्यांतून, भांडल्यासारखी.
देवांगनानं सुनेला फोन लावला,
"हो, छान चाललंय. बुडणाऱ्याला कसं धरायचं, ते शिकवतात."
निरुपा काठावर उभी. तिथून शाळा दिसते,
आता टिनाची आहे,
खिडक्या किती, ते मोजता येत नाही.

परतताना कोणी फारसं बोललं नाही.
पाळीला लागल्यावर पैसे काढले.
वाटलं, नको म्हणेल.
तिनं घेतले. मोजून, थुंकी लावून.
तिघींचे.
"एकीचे राहू द्या," म्हणाली,
आणि डोंगा वळवला.

एकीचे म्हणजे कोणाचे,
ते साकोली येईपर्यंत
आम्ही एकमेकींना विचारलं नाही.
साकोलीनंतरही नाही.