पिन

आधी सांगते, माझं दुकान खाडीत नाही.
घणसोली गावात आहे, देवळाच्या मागच्या गल्लीत,
जिथे सेक्टर संपतात
आणि घरांना नंबर राहत नाहीत, नावं राहतात.
पण नकाशावरची लाल पिन
दोन वर्षं खारफुटीत रुतून बसली होती.
बायका फोन करायच्या,
"ताई, पुढे तर सगळा चिखलच दिसतोय."
मी म्हणायची, मागे फिरा, भरतीच्या आत.

प्रणित, माझ्या नणंदेचा मुलगा,
ऐरोलीला काचेच्या कसल्याशा इमारतीत बसतो.
एका रविवारी त्याने ती पिन
चिमटीत टाचणी धरावी तशी उचलली
आणि माझ्या उंबऱ्यावर टोचली.
मग वेबसाइट केली.
फोटोत मी हसेना,
म्हणून मशीनचाच फोटो मोठा लावला.
वत्सला फॉल-पिको आणि रफू.
खाली लिहिलं, जागतिक दर्जाची सेवा.
म्हटलं, खोड ते.
लिही, ब्लाउजच्या बाह्या ढिल्या करून मिळतील.
लिही, दुपारी दोन ते चार बंद.
रफूचा दर भोक बघून.

मग त्याने तारे दाखवले.
चौघींनी लिहिलं होतं.
तिघींचे पाच-पाच, त्यातली एक माझी जाऊ.
चौथीचा एक.
*तीन दिवस सांगितले, नऊ लावले.
पैठणीला तेलाचा डाग. बाई उद्धट.*

रात्री वही काढली.
गीतांजली, सेक्टर सात, मोरपंखी, रुंद काठ.
त्या आठवड्यात मशीनचा पट्टा तुटला होता
आणि हिचे फोन वाजू दिले होते मी,
उशीखाली घालून.
डाग माझाच.
उशीरही.
उद्धट मात्र दोन दिवस सलत राहिलं,
बोटात मोडलेल्या सुईच्या टोकासारखं.

"मामी, सोपं आहे," प्रणित म्हणाला.
"हजार रुपयांत पन्नास माणसं मिळतात,
पाच-पाच तारे देतात, हिचा एक दबून जातो."
कुठली माणसं?
"कुठलीच नाहीत."

भिवंडीच्या इनायतचाचांकडे मी रफू शिकले.
ते म्हणायचे, बाजारचा धागा कितीही जुळव,
पहिल्या धुण्यात चुगली करतो.
कापड उलटं कर, आतली दुमड उसव,
धागा तिथलाच ओढ.
प्रणितला हे सांगितलं तर म्हणाला,
मामी, हे कापड नाही.
मी म्हटलं, बघू.

उत्तर मीच लिहिलं, एका बोटाने.
दोन कप चहा गार झाला.
*ताई, डाग माझ्या मशीनचा.
फोन उचलायला हवा होता, तोंड नव्हतं.
साडी आणा, डाग काढून देते,
नाही निघाला तर पैसे परत.
उद्धटपणाचं समोर बसून बोलू.*

ती आली नाही.
तो एक तारा आजही तिथेच आहे,
वरून दुसरा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.
जाऊ म्हणते, तक्रार करून काढून टाक.
राहू दे म्हटलं.

आली ती वेगळीच, रबाळ्याहून,
खांद्याला ऑफिसची बॅग,
पिशवीत पुरुषाचा करडा कोट, कसरीने खाल्लेला.
कुणाचा, ते मी विचारलं नाही.
म्हणाली, "चांगलं लिहिलेलं मी वाचतच नाही.
वाईटावर तुम्ही काय बोललात ते वाचलं."
मी चष्मा पुसला. भोकं मोजली. अकरा.
"किती दिवस लागतील?"

तीन अगदी जिभेवर आले होते.
गिळले.
नऊ, म्हटलं. आणि फोन उचलीन.

ती निघाली,
वळणावर फोन फिरवत उभी राहिली.
मी दारातून ओरडले,
डावीकडे गं!
सरळ गेलीस तर खाडी.