चाळीस मिली

साक्षगंधाची मुंदी निघेना.
साबण लावला, खोबरेल लावलं,
शेवटी सिंधूबाईने कलमाची पट्टी गुंडाळली बोटाला
घट्ट, पेरापासून नखापर्यंत,
आणि म्हणाली, "श्वास सोड, रंजे. कायले धरून ठेवला?"
तेव्हा कुठे आली.

खाली गोरी, ओलसर, सुरकुतलेली कातडी.
ज्येष्ठापासून ऊन न पाहिलेली.

मोडलं मी.
हे गावाला अजून पटत नाही.
येणारी बाई आधी हेच विचारते,
"काऊन सोडलं वो त्यानं?"
आणि आई चहा ठेवायला उठते.
मी कुणाला सांगितलं नाही
की माझा फोन तो स्पीकरवर ठेवायचा.
मी "जेवलास का" विचारायची
आणि मागे कुणीतरी खाकरून हसायचं.
तिसऱ्या वेळी मी नीट ऐकलं.
हसणारे दोघं होते.

मुंदीचं काय करावं, यावर घरात बैठक.
आत्या म्हणाली, "चुडामणीत सोडून दे, पीडा जाईन."
(चुडामणीला जानेवारीत पाणी घोट्याएवढं.
पोरं खेकडे धरतात तिथे. दुपारपर्यंत
कुणाच्या तरी बोटात दिसली असती.)
भाऊ म्हणाला, "मोड. बोअरची मोटर जळून पडली हाय, भरून आणू."
आईने फक्त डबीतला कापूस बदलला.

मी म्हणाले, परत.
जशी आली तशी, वजनावर.

मग मध्यस्थ दौलतकाका, त्याचे बाबा, भाऊ आणि मी,
वरुडला, रोकडे सराफाच्या दुकानात.
काचेच्या पेटीतला काटा.
सराफ तोंडापुढे हात धरून बोलतो,
श्वासाचंही वजन लागतं म्हणे.
पावतीवर चार ग्राम.
काट्यावर तीन, नऊशे साठ.

"चाळीस मिली कमी हाय," त्याचे बाबा म्हणाले,
आवाज न चढवता, डेअरीत दुधाचं फॅट सांगावं तसं.
"घातलं का झिजतेच सोनं," सराफ म्हणाला.
"पोरीचा हात कामाचा हाय."
भावाने खुर्ची मागे सारली.
मी विचारलं, चाळीस मिलीचे किती?

आकडा ऐकला आणि मला हसू आलं.
तेवढीच माझी एका दिवसाची मजुरी.
जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधायचे,
सकाळच्या थंडीपासून ऊन कलेपर्यंत.
पैसे ठेवले काचेवर. सुट्टे पण.
त्याच्या बाबांनी काकांकडे पाहिलं,
काट्याकडे पाहिलं,
मग घेतले.

येताना काळीपिवळीत भाऊ बोलला नाही.
मी शोधत होते
गेलं कुठे ते चाळीस मिली.
थोडं कणकेत गेलं असेल, आम्हीच खाल्लं असेल.
थोडं राखेत, गंजाच्या बुडाशी.
बाकीचं शेंदूरजन्याच्या नर्सरीत:
पट्टी ओढताना दर वेळी मुंदी खोडाला घासायची.
ती रोपं पावसाळ्यात ट्रक भरून जातील
पांढुर्ण्याला, नांदेडला, कुठे कुठे,
बगीचेवाले पाच वर्षं फळाची वाट पाहतील,
फवारतील, राखण करतील,
आणि माझं साक्षगंध तिथे आहे
हे कुणाला कळायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी एकवीस दिवसांच्या पट्ट्या सोडायच्या होत्या.
हिरवा डोळा, पुढे चला.
काळा पडला तर मालक खुंटाला दोष देत नाही,
दुसऱ्या अंगाने, बोटभर खाली, परत चिरा.
माझ्या ओळीत अकरा काळे निघाले. मी चिरा दिल्या.
"आज हात हलका चालते वो तुहा," सिंधूबाई म्हणाली,
आणि तेवढ्यात जंबेरीचा काटा
नेमका त्या गोऱ्या पट्ट्यात शिरला.
तिथली कातडी अजून नवखी.
बोट तोंडात घातलं:
आंबट, मातकट,
आणि किंचित लोखंडासारखं.