शिनासच्या पुढे

कलब्यानंतर सीमा.
शिक्का मारणाऱ्यानं विचारलं, कुणाकडे?
भाऊ, असं निघून गेलं तोंडातून.
खरं तर सतव्याच्या खोलीत
माझ्या वरच्या बंकवर घोरायचा गुणाजी मेस्त्री,
एवढंच नातं.

मागच्या सीटवर चकल्यांचा डबा खडखडतोय.
शिनासपासून उजवीकडे राखाडी डोंगर,
समुद्र डावीकडे, पण दिसत नाही.
लेक विचारते, अजून किती?
एकोणीस वर्षं, म्हणणार होतो.
म्हटलं, चाळीस किलोमीटर.

सोहारच्या चौकात तो, लुंगीवरच,
मोबाईलचा दिवा हलवत
विमान उतरवून घेतल्यासारखा.

मिठीबिठी नाही.
चाकाला लाथ मारून म्हणाला,
मागच्यात हवा कमी आहे रे.
मग आम्ही दोघं वाकून
बराच वेळ
टायर बघत राहिलो.