पान सत्तेचाळीस

लाथ काढता येत नाही.
पाय येतो. सुरवारीची घडी येते.
समोरच्याचा उडालेला दातसुद्धा येतो, मुळासकट.
पण लाथ मारायला घेतली की
माझा नायक एका पायावर नुसता उभा राहतो,
देवळाबाहेर चप्पल शोधणाऱ्यासारखा.

तीन आठवडे झाले. पान सत्तेचाळीस.
खाली गुजरीतल्या कारागिराची फुंकणी,
पैंजणाला डाग देताना येणारा तो वास,
वर मी, शाई, आणि चीनमधला एक डोंगर
जो मी पाहिलेला नाही.
पायऱ्या काढल्या तर जोतिबाच्या झाल्या.
धुकं काढलं, ते पन्हाळ्याचं निघालं.
म्हाताऱ्या गुरूच्या भुवया हनुवटीपर्यंत ओढल्या,
दाढीला वारा दिला,
तरी कान आले ते मोडलेलेच,
गंगावेशीतल्या कुठल्याशा वस्तादाचे, लाल माती भरलेले.
राहू दिले.

हिंदुराव साळोखे, वय एकोणऐंशी, ऑपरेटर.
टॉकीज पाडून तिथं साड्यांचं दुकान आलं
त्यालाही आता बरीच वर्षं झाली,
पण हे अजून अकराला अंघोळ करून
मॅटिनीला निघाल्यासारखे बसतात.
लोणच्याच्या बरणीत फिल्मचे तुकडे.
"कराटेचा पिक्चर कसा यायचा म्हाईत हाय का?
मुंबई, पुणं, सातारा, सांगली, समद्यांनी चावून
मग आमच्याकडं. चोथा."
एक तुकडा बल्बसमोर धरला.
ह्या चौकटीत पाय जमिनीवर.
पुढच्या चौकटीत दुश्मन भिंतीत.
मध्ये तिरका जोड, पिवळा पडलेला.

"लाथ कुठाय, काका?"

"कापली की."
नख कापल्यासारखं म्हणाले.
"भोकं फाटलेली. मशीन अडकायचं,
पब्लिक खुर्च्या मोडायचं.
सात चौकटी गेल्या असतील. आठ म्हण."

आणि तेवढ्या फटीतून अख्खं कोल्हापूर आत शिरलं.
मॅटिनी सुटली की बिंदू चौकापर्यंत एकच:
लाथ दिसतच न्हाई, भावा! नाद खुळा!
पापणी मिटायच्या आत गडी भिंतीत!
तालमीतल्या पोरांनी कुस्ती सोडून
न दिसणारी लाथ घटवायला घेतली,
दोन वर्षं, रंकाळ्याच्या काठावर, पहाटे,
एकमेकांना विचारत:
दिसली?
दिसली रे.
परत.

इलाही मुजावर सायकलवरनं रिळं पोचवायचा,
ह्या टॉकीजातनं त्या टॉकीजात.
त्यानं पिक्चर बघितला तो तुकड्यातुकड्यानं,
आधी शेवट, मग मधलं.
सगळ्यांत जास्त त्यालाच पटलं होतं.
एका सकाळी संध्यामठाच्या कठड्यावरनं उडाला.
नडगी दोन ठिकाणी.

हे सांगताना हिंदुराव बरणीचं झाकण लावत होते,
लागत नव्हतं, आटे गेलेले.
"त्याला म्या कधी सांगितलं न्हाई," म्हणाले.
"काय सांगायचं?"

रात्री दोनच चौकटी आखल्या.
एक वर, डाव्या कोपऱ्यात: पाय जमिनीवर.
एक पार खाली: दुश्मन भिंतीत, विटांसकट.
मध्ये वीतभर कोरा कागद,
त्यावर एक तिरकी रेघ, चहाच्या पाण्यानं ओढलेली.

इलाहीचाचा आता बॅगांच्या चेन बसवतात, छत्र्या शिवतात.
पान काउंटरवर ठेवलं.
चष्मा कपाळावर चढवून,
नाक कागदाला टेकेल इतकं वाकून पाहिलं.
वरची चौकट. खालची. परत वरची.
मी सांगायला तोंड उघडलं होतं,
बरणी, कात्री, सात चौकटी, आठ म्हण.

तेवढ्यात टेबलाखाली त्यांचा डावा पाय,
तो आखूड झालेला,
जरासा हलला.
चेनला लावायच्या मेणानं माखलेला अंगठा
त्यांनी कोऱ्या जागेवर दाबून ठेवला.
डाग पडला.
"हितं," म्हणाले.
"दिसली बघ."