बिब्ब्याचं वजन

सोफ्याखाली चांदीचा कागद सापडला,
ओला, दातांनी चाळण झालेला,
आणि शेजारी बिब्बा, शेपूट हलवत,
मिशांना तपकिरी लागलेलं,
जणू बक्षीस द्यायचं राहिलंय कुणाचं तरी.

रात्रीचे पावणेदहा. घणसोली, सेक्टर सात.
नवरा महाप्याला, नाइटवर.
समोरच्या ठोंबरेकाकू म्हणाल्या, दूध पाजा, उतरतं सगळं.
जिन्यातून कुणी म्हणालं, मिठाचं पाणी.
डॉक्टर तांडेल फोनवर म्हणाल्या,
काहीही पाजू नका. घशात बोटं घालू नका.
वजन सांगा, चॉकलेट कुठलं ते सांगा,
खाऊन किती वेळ झाला ते सांगा.

एकाचंही उत्तर येईना.
मसाला मार्केटात दिवसभर मी
मिरचीच्या गोण्यांची वजनं लिहिते,
ब्याडगी, संकेश्वरी,
पावशेराचा फरक दिसला तर हमालाला परत बोलावते,
आणि घरातला जीव किती किलोचा
हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

खाली वाल्मीक कांदेवाला शटर ओढत होता.
त्याने एक शब्द न विचारता
काट्यावरचे पापुद्रे फुंकले,
टोपली ठेवली, शून्य केलं,
बिब्ब्याला आत बसवलं.
आकडे थरथरत राहिले, बिब्बा हलत होता म्हणून.
चार किलो एकशे ऐंशी.
"कांदे असते तर चारच धरले असते," वाल्मीक म्हणाला,
मग स्वतःच ओशाळला.

कागदावर टक्के छापलेले असतात,
जितकं कडू तितकं वाईट.
रिक्षात मी तो मांडीवर सपाट केला.
सात दिसत होता.
सातच्या पुढचा आकडा बिब्ब्याच्या पोटात.
म्हणजे सत्तर तरी. अख्खी वडी शंभर ग्रॅमची.
तीन टाकीच्या सिग्नलला मी भागाकार करायला घेतला
आणि मध्येच सोडून दिला.
हाताखाली बरगड्या,
बरगड्यांखाली कुणीतरी शिवणयंत्र
पाय न उचलता चालवत होतं.

"आई."
"थांब जरा."
"आई, अख्खी नव्हती."

मामाने पाठवलेली वडी,
कपाटात साड्यांमागे मी लपवलेली.
स्वानंदला ती सोमवारीच सापडली होती.
"किती खाल्लीस? खरं सांग. आत्ता मारणार नाही."
त्याने बोटं मोजली, पुन्हा मोजली.
"आठ चौकोन मी. दोन उरले होते.
शाळेच्या बुटात ठेवले होते,
कुकरच्या शिट्ट्या झाल्या तेव्हा होते तिथेच."

दहा चौकोन. दहा ग्रॅमचा एक.
चोरी कळली की पोटात खड्डा पडतो म्हणतात.
माझा भरला.
सिग्नल सुटायच्या आत मी फोन लावला:
वीस ग्रॅम, डॉक्टर. शंभर नाही, वीस.
साडेआठनंतर. मुलगा सांगतोय.
पलीकडे श्वास सुटल्याचं ऐकू आलं.
"मग या. घाई करा, पण घाबरू नका."

वाशीला एक इंजेक्शन.
बिब्ब्याने स्टीलच्या टेबलावर सगळं बाहेर काढलं,
त्यात बुटाच्या नाडीचं टोकसुद्धा.
मग काळी पूड, पाण्यात कालवलेली,
तोंड इतकं काळं झालं की डोळेच दिसेनात.
ठोके दीड तास मोजले.
"रात्रभर फिरवा थोडंथोडं," त्या म्हणाल्या,
"लघवीतून जातं हे. साचू देऊ नका."

अडीच वाजलेत.
वॉचमन खुर्चीतून बघतोय आणि काही विचारत नाही.
स्वानंदच्या उजव्या बुटाला नाडी नाही,
फटफट वाजतो चालताना.
सकाळी मला ओरडायचंय,
आठ चौकोनांबद्दल, कपाटाबद्दल,
कशाबद्दल आधी ते अजून ठरत नाही.
बिब्बा बदामाच्या झाडाला हुंगतो,
विचार करतो,
पुढच्या झाडाकडे जातो.
"कर ना रे," स्वानंद म्हणतो,
"प्लीज, कर ना."