चक्की चालू

स्नेहलतागंजात सोनवलकरांच्या पिठाच्या चक्कीमागे
खोली मिळाली ती एका अटीवर:
चक्की चालू असेल तेव्हाच वाजवायचं.
म्हणून दळण संपायच्या आत गाणं संपवायचो,
दोन मिनिटं, फार तर सव्वादोन,
पाच किलो गव्हाला एक गाणं.
लोक म्हणाले, हे पंक आहे.
आम्ही म्हटलं, असेल.

नावही दारावरच्या पाटीवरून उचललं.

पहिला ड्रमर पम्मी छाबडा. पट्टा घसरून
जातं जिथे अडखळायचं, तिथंच त्याची थाप पडायची.
तो मामाच्या टायरच्या दुकानात गेला.
मग इक्बाल नागोरी, तो दुबईला.
मग एक मुलगा, त्याचं नाव काही केल्या आठवत नाही,
त्याच्या आईनं पाठवलेला गुळपापडीचा डबा आठवतो.
तो माझ्याकडेच राहिला.
आता त्यात जॅक आणि तुटक्या तारा.

रेवती बोरगावकर गायची तेव्हा
शिवीसुद्धा षड्जावर येऊन टेकायची.
लहानपणीच्या क्लासचा डाग, म्हणायची,
घासला तरी जात नाही.
भोपाळच्या कॉलेजात तिच्या अंगावर बाटली आली.
झेलली, उरलेलं पाणी प्यायली, पुढची ओळ घेतली.
लग्नाला आम्हाला बोलावलं.
वाजवायला नाही, जेवायला.

आणि विभास टिल्लू. एकुलत्या एका रेकॉर्डिंगच्या दिवशी
त्याची तिसरी तार तुटली.
जागा भरायला बोट भलत्याच सुरावर ठेवलं
आणि उचललंच नाही.
स्टुडिओ तासाच्या भाड्यावर. तसंच राहिलं.

विभास पुण्याला गेला. हर्षिल आला,
त्यानं रेकॉर्ड ऐकून तो सूर घेतला, जसाच्या तसा.
हर्षिलकडून दाणीनं. दाणीकडून या मिहिकानं,
वय एकोणीस. चक्की तिनं पाहिलेलीच नाही,
तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

मी तेवढा बेसवर, कोपऱ्यात.
कुणी सोडून निघालं की केबल गुंडाळत बसायचं,
मग निरोप घ्यावा लागत नाही.

काल रात्री पलासियाच्या एका तळघरात
बावीस माणसं, त्यातली चार
कधी ना कधी आमच्यातलीच, पोटं सुटलेली.
मिहिका त्या जागेवर आली.
तोच भलता सूर, डोळे मिटून, पूर्ण जोरात,
चालच तशी बांधलेली असल्यासारखा.
मागून पम्मी ओरडला,
"भिया, हे आपलंच आहे ना?"

मी मान हलवली की नाही, कोण जाणे.
खाली बघत होतो.
त्या सुराखाली पोचायला मला
एक घर आधी निघावं लागतं.